सात चौकांचं मैदान

प्रिय अनू,

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखाच सगळ्यांच्या आधी शाळेत पोचलो. सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं, लेझमांच्या वर टांगलेल्या मारुतीच्या तसबिरीला उदबत्ती लावली, फक्कीची बादली आणि गाठी मारलेली सुतळी घेतली आणि खो-खोचं मैदान आखायला बसलो. तू तेव्हा परळच्या इस्पितळात होतीस. तुझं ऑपरेशन होऊन थोडे दिवस झाले होते. आई तुझ्याजवळ होती आणि तिनेच मला ढकलून शाळेत पाठवलं होतं. म्हणाली, इथे बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा जा, तुमच्या पोरींकडे बघा. मी दोन्ही खांब फडक्याने पुसले, खांबापासून खांबापर्यंत मधली पाटी ओढली, मग एकेक चौक आखत गेलो. झाल्यावर सुतळी तशीच ताणलेली ठेवून उठलो आणि मागे सरून बघितलं. चौक सातच होते. तिसऱ्यानंतर एकदम पाचवा. मधे नुसती माती. सुतळीला चौथी गाठ होती, पण तिच्याखाली काही नव्हतं. मुली आल्या, त्यांनी बघितलं, मानसीने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसल्या. त्यांना वाटलं, सरांच्या हातून चुकलं. पोरगी इस्पितळात आहे, चुकणारच. मी त्यांना तसंच वाटू दिलं. पण अनू, ती चूक नव्हती. ती काय होती ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही आत्ता आत्तापर्यंत नाही.

पत्र बघून तू राधाआत्याला म्हणशील, बाबांना काय झालं, फोन बिघडला काय? फोन चांगला आहे. पण फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुलाही ठाऊक आहे. मी विचारतो, गोळी घेतलीस? तू म्हणतेस, घेतली. मी विचारतो, ओरोसला रक्त तपासायला गेलेलीस? तू म्हणतेस, गेलेले, रिपोर्ट बरोबर आहे. मग तू विचारतेस, तुमचा गुडघा कसा आहे, आणि मी म्हणतो, चांगला आहे, आणि आईच्या हातात फोन देतो. पुढचा अर्धा तास तुम्ही दोघी हसता आणि मी गॅलरीत उभा राहून डिलाईल रोडवरच्या गाड्या बघतो. मला समोरासमोर बोलता येत नाही, हे तू लहानपणीच ओळखलं होतंस. मैदानावर माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि घरात भाकरीला तूप मागायचं तरी मी खुणेने मागतो, असं तू मानसीला सांगायचीस. म्हणून लिहितो आहे. लिहिताना मधे कुणी गोळीबद्दल विचारत नाही.

तू आता ज्या गावात राहतेस तिथेच मी पहिल्यांदा मैदान आखायला शिकलो. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, रवळनाथाच्या देवळामागची सपाट जागा होती. फक्की आणायला पैसे कुठले? गुरुजी सांगायचे, उद्या प्रत्येकाने घरून डबाभर राख आणायची. कुणाची चुलीची, कुणाची काजूच्या भट्टीची. धोंडू गुरव आणि मी ती राख एका घमेल्यात कालवायचो आणि मुठीने रेघ सोडायचो. वारा आला की रेघ उडून जायची. गुरुजी म्हणायचे, रेघ जमिनीवर राहत नाही रे, खेळणाऱ्याच्या डोक्यात राहते. तरीपण रोज आखायची. ते वाक्य घेऊनच मी मुंबईत आलो आणि इथल्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून चिकटलो. तेव्हा आसपासच्या चाळी भरलेल्या होत्या, शाळेत वर्गाला बाक पुरायचे नाहीत. आता वर्ग ओस आहेत, पण मैदान मी रोज आखतो. मारुतीला नुसती उदबत्ती लावायची, मग आखणी, मग देवाचं नाव, मग चहा. तुझी आई म्हणते, देवाचं नाव आधी घ्या. मी म्हणतो, मैदान आखलं की ते घेतल्यासारखंच आहे.

चौथा चौक तुझा कसा झाला ते आठवतं? तू सातवीत होतीस. संघात नवी होतीस आणि खांबाजवळच्या चौकात बसायचा हट्ट करत होतीस, कारण खांबावर सूर मारताना टाळ्या मिळतात. मी तुला मधे बसवलं. तू रडलीस. घरी येऊन जेवली नाहीस. त्या दिवशी तुझा आणि माझा करार झाला, की मैदानावर मी सर आणि घरात बाबा. मैदानावरचं भांडण चाळीचा जिना चढून वर आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोहे देताना म्हणालीस, सर, लिंबू पिळू का? आई इतकी हसली की तिच्या हातातला झारा खाली पडला. पुढे तो तुझा नेहमीचा टोमणाच झाला. मी कधी टीव्ही लावायला नाही म्हटलं की तू म्हणायचीस, सरांनी शिट्टी मारली, बंद करा.

पण मधल्या चौकात बसल्यावर तुला तुझा खेळ सापडला. पाठीवर खो पडला की तू कोणत्या बाजूला फुटशील ते समोरच्या खेळाडूला कळायचं नाही. तुझं तोंड चाळीकडे असायचं आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका तुझं नाव घेऊन ओरडायच्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत आझाद मैदानावर तू सलग तीन मुली बाद केल्यास तेव्हा मी पंचांच्या शेजारी उभा होतो आणि टाळ्या वाजवू शकत नव्हतो. करार होता ना. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुझ्यासाठी लाडू आणले आणि टाळ्या मात्र राहून गेल्या. आता वाटतं, एवढा काटेकोर करार कशाला हवा होता.

मग नववीतला, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो सराव. मानसीने तुला खो दिला, तू उठलीस, दोन पावलं टाकलीस आणि गुडघ्यावर बसलीस. मला वाटलं, हूल दिलीस. तू हूल अशीच द्यायचीस. पण तू उठली नाहीस. पुढचं तुला माहीत आहे, निदान तुला सांगितलं तेवढं. लहानपणी एकदा सांधे सुजून ताप आला होता, तो उतरला म्हणून आम्ही विसरून गेलो. त्या तापाने हृदयाची झडप खराब केली होती आणि ती आतल्या आत झिजत राहिली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. नवी झडप बसवल्यावर आम्हाला बाहेर बोलावून म्हणाला, पोरगी वाचली, शिकेल, नोकरी करेल, संसार करेल, सगळं करेल. फक्त धावणं, सूर मारणं, आपटणं हे आता नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. आईने विचारलं, थोडंसुद्धा नाही? तो म्हणाला, बस पकडायला धावली तर चालेल, खो-खो नाही. आई रडली नाही. ती म्हणाली, वाचली ना, बास. मी मान हलवली.

तू मात्र आमच्यापेक्षा लवकर सावरलीस. निदान तसं दाखवलंस. घरी आल्यावर पंखा बंद केला की खोलीत तुझ्या छातीतली टिकटिक ऐकू यायची. शेजारची अक्षता काकू घाबरली होती. तू तिला म्हणालीस, घाबरू नका, आतमध्ये स्टॉपवॉच बसवलंय. सरांना आता वेळ लावायला मलाच मैदानावर उभं करता येईल. सगळे हसले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता मैदानाचं सांगतो. त्या दिवसानंतर मी रोज सातच चौक आखले. मुलींनीही ते मुकाट्याने स्वीकारलं. सात जणी बसायच्या, आठवी धावायची. तिसऱ्या चौकातून पाचव्यापर्यंत पोचायला जरा जास्त धावावं लागायचं, त्याचीही त्यांना सवय झाली. जूनमध्ये तू दहावीत गेलीस. तुमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, खिडकी मैदानाकडे. तू कधी खाली उतरली नाहीस. मला वाटायचं, अभ्यास करतेस. दहावीनंतर तू म्हणालीस, मी गावाला आत्याकडे जाते, कणकवलीच्या कॉलेजात घाला मला, तिथे हवा चांगली आहे. मला वाटलं, खरंच हवेसाठी जातेस.

स्पर्धांचे दिवस आले की मुख्याध्यापिका बाई विचारायच्या, लवू सर, यंदा मुलींचा संघ? मी म्हणायचो, तयारी नाही झाली बाई. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणालो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विषय सोडला. तुझ्या बरोबरच्या मानसीचं दहावीचं वर्ष एकही स्पर्धा न खेळता गेलं. खेळाचे वाढीव गुण तर गेलेच. पण तिची आई एकदा शाळेच्या दारात भेटली तेव्हा गुणांबद्दल काही म्हणाली नाही. म्हणाली, सर, ती रोज सकाळी बूट घालून बसते, तुम्ही तिला कुठे नेत का नाही? मी काहीतरी उत्तर दिलं. मला स्वतःलाच ते आठवत नाही.

दादरच्या शाळेतला हितेंद्र सर तुला ठाऊक आहे, तोच, जो शिट्टीपेक्षा जोरात बोलतो. तो एकदा आपल्या मुली घेऊन मैत्रीचा सामना खेळायला आला. फाटकातूनच ओरडला, लवू, एक चौक बिल्डरला दिलास काय रे? टॉवर उठतोय वाटतं इथे! त्याच्या मुली हसल्या, आपल्या मुली खाली बघू लागल्या. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं असावं. तो माझ्याजवळ आला, माझ्या दंडाला धरलं. आणि आपल्या मुलींना म्हणाला, ए, आज सात चौकांवर खेळायचं, चला, बघतो कोणाला जमतं. त्या दिवशी मला हितेंद्र फार मोठा वाटला, आणि माझीच मला लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी मी सातच आखले.

इथलं बाकी सगळं बरं आहे. एप्रिलात आईने लालबागला मिरच्या घेतल्या, तिथेच भाजून कांडून आणल्या आणि तीन दिवस सगळी चाळ शिंकत होती. त्यातला मसाला आम्ही मे महिन्यात गावी येताना तुझ्यासाठी आणलाच. त्याच वेळची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. एका सकाळी मी बाजारात जाऊन येतो म्हणून निघालो आणि दुपारी आलो. तू आणि आत्या पडवीत काजू सोलत होतात. तू म्हणालीस, बाबा, बाजार कणकवलीचा होता की कोल्हापूरचा? मी हसलो. मी बाजारात गेलोच नव्हतो. मी रवळनाथाच्या देवळात होतो, धोंडू गुरवाकडे. कौल लावायला.

कशाचा कौल, ते आता सांगतो. तुझं ऑपरेशन होतं त्या पहाटे मी इस्पितळातून निघून शाळेत आलो होतो. कुणालाच माहीत नाही. सामानाच्या खोलीत मारुतीसमोर उभा राहिलो. मला कधी देवाकडे मागता आलेलं नाही; पोरींचा संघ जिंकू दे असंसुद्धा मी कधी म्हटलं नाही, दुसऱ्या शाळेच्या पोरीही त्याच्याच. पण त्या दिवशी मागितलं. म्हटलं, मारुतीराया, माझी पोर परत धावू दे. तोवर तिची जागा मी कुणाला देणार नाही. एवढाच नवस. नारळ नाही, सोनं नाही. माझ्याकडे मैदानाशिवाय होतं काय? डॉक्टर नंतर जे बोलले ते नंतर. देवाला दिलेला शब्द आधीचा होता, आणि मला वाटलं, डॉक्टरांना जे दिसत नाही ते देवाला दिसत असेल. आपण फक्त जागा राखायची. म्हणून ते सात चौक, अनू. सगळ्यांना वाटलं, बाप दुःखात आहे. मी दुःखात नव्हतो. मी वाट बघत होतो.

पण वाट बघून मी थकलो होतो आणि नवस मोडायची भीती वाटत होती. म्हणून धोंडूला म्हटलं, देवाला विचार, मला यातून मोकळं करतो का. धोंडूने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, नवस मारुतीक आणि सुट्टी मागतंस रवळनाथाकडे? वर्गशिक्षक सोडून दुसऱ्याच मास्तराकडे गेलंस होय रे? तरी त्याने आंघोळ केली, गाऱ्हाणं घातलं आणि देवाला फुलांच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मोकळा, डावी पडली तर नवस तसाच. आम्ही दोघे बसून राहिलो. धोंडू मधे मधे म्हणायचा, सांग रे बाबा, मुंबयवाल्याक गाडी पकडूची हा. उन्हं देवळाच्या पायरीवरून चौकटीपर्यंत आली. पाकळ्या सुकत गेल्या. दोन्ही तशाच चिकटून. शेवटी धोंडू उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, लवू, देव काय बोलणा नाय. देव रागावलो असो नाय हां. तुझां तूच ठरव म्हणता तो. मी चिडलो. एवढ्या लांबून आलो आणि देव गप्प. परतताना वाटेत मात्र वाटलं, लहानपणी गुरुजीही असंच करायचे. आपल्याला उत्तर येत असलं की ते सांगायचे नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवीत एक नवी मुलगी आली. शेवंती नाव. वरळी कोळीवाड्यातली, पण आता मावशीकडे लालबागला राहते. पहिल्याच दिवशी हजेरीला उभी राहून म्हणाली, आजीचं नाव आहे सर, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. कुणी हसलं नाही. तिची पावलं बघून मीच थक्क झालो. होड्यांच्या फळ्यांवरून धावत मोठी झालेली पोर. तिला तोल शिकवावा लागत नाही. ती सरावाला आली, मैदानाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, सर, याचा एक दात पडलाय. सगळ्या मुलींनी माझ्याकडे बघितलं. एकीने तिला कोपर मारलं. ती गोंधळली; तिला कळेना आपण काय बोललो. मी म्हटलं, बस सातव्या चौकात. आणि नव्या मुलींना नेहमीचा पहिला धडा सांगायला लागलो. पाठीवर हात आणि तोंडाने खो, दोन्ही एकदम. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, मिळाल्यावर बसून राहायचं नाही. आणि जिला खो दिला तिच्या जागेवर आपण बसायचं. हा चौक माझा, तो तुझा असं खो-खोत नसतं. जी उठली ती गेली, जी आली ती बसली. इतकी वर्षं हे मी पाठ म्हणतो आहे. या दोन वर्षांतही म्हणत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कानावर पडलं.

तरी मी लगेच काही केलं नाही. मी असा आहे. श्रावणात एका संध्याकाळी मानसी मैदानावर आली. आता ती दादरच्या कॉलेजात आहे, केस कापलेत, तुला फोटो पाठवला असेलच. शेवंतीला धावताना बघून म्हणाली, सर, ही अनूसारखी फुटते. मग पायरीवर माझ्याशेजारी बसली. बुटाची नाडी ओढत होती. मी विचारलं, अनू दिवाळीत येणार आहे का, तुला काही म्हणाली? आम्हाला सांगते, सुट्टी नाही, अभ्यास आहे. मानसी म्हणाली, सर, मी सांगितलं असं तिला सांगू नका. आणि मग तिने सांगितलं. तू तिला म्हणाली होतीस, मी मुंबईला आले की मला ते मैदान दिसतं. तिथे माझा फोटो लावलाय असं वाटतं, फक्त हार घालायचा राहिलाय. मेलेल्या माणसाची जागा ठेवतात अशी. मी जिवंत आहे ना गं?

मानसीवर रागावू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी अजून सातच आखत बसलो असतो. ती गेल्यावर मी सामानाच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीतून तुमचा दहावीचा वर्ग दिसतो. मी त्या वर्गातून मैदान बघितलं नव्हतं कधी. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वर गेलो, तुझ्या बाकावर बसलो आणि खाली बघितलं. वर्षभर तू रोज तिथून काय बघत होतीस ते बघितलं. खाली मुली खेळत होत्या, बाजूच्या चाळीत रेडिओ चालू होता, आणि पांढऱ्या चौकांच्या रांगेत मधे ती काळी जागा. दुसरं काही दिसतच नव्हतं. तू धावू शकत नाहीस, हे तू कधीच मान्य केलं होतंस अनू. मीच रोज सकाळी उठून ते अमान्य करत होतो, आणि तुझ्या डोळ्यांसमोर. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. नवसाचंही. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, मला माहीत होतं काहीतरी देवाशी ठरवलंय तुम्ही. पण माझ्या लेकीला मध्ये घालून? मग थोड्या वेळाने म्हणाली, जा, आंघोळ करा, जेवायला बसा.

आज सकाळी मी शाळेत गेलो. मारुतीला उदबत्ती लावली आणि नवस सांगितला तसा तो मोठ्याने परत घेतला. म्हटलं, माझी पोर धावणार नाही. तू रागाव, नाहीतर रागावू नकोस. मग सुतळी ताणली. तिसरा चौक झाला आणि चौथ्या गाठीवर हात थांबला. मुठीतून फक्की सांडत राहिली आणि तिथे लहानसा ढीग झाला. मी तो तळहाताने सारखा केला आणि चारही बाजू ओढल्या. नवी रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आली. मुली आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यात कुणीच बसेना. मी शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला तिथे बसवलं, चाळीकडे तोंड करून. तिने बोटं जमिनीवर टेकवली. मग शिट्टी मारली. पहिला खो तिलाच मिळाला. ती उठली, डावीकडे फुटली, आणि खो देणारी तिथे बसली. मग ती उठली, तिसरीच बसली. मी नेहमीसारखा ओरडत होतो, कुणी फाउल केला ते बघत होतो, आणि थोड्या वेळाने चौथ्या चौकात आता कोण बसलंय हे मला कळेनासं झालं. गॅलरीतल्या बायका ओरडायला लागल्या. मी तोंड पुसलं. मुलींना वाटलं असेल, फक्की डोळ्यात गेली.

कुणीतरी मोबाइलवर फोटो काढलाय. आज ना उद्या तो तुमच्या ग्रुपवर येईल आणि तुला आठ चौक दिसतील. ते तुला माझ्याआधी दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी हे पत्र लिहितो आहे आणि आज रात्रीच्या गाडीने गावी निघालेल्या शेजाऱ्याच्या हातीच देतो आहे. तुला विसरलो म्हणून तुझी जागा दिली, असं एक क्षणही मनात आणू नकोस. दिवाळीत ये. मैदानावर आलीस तर ये, नाही आलीस तरी चालेल. तिथे आता तुझी वाट बघणारं काही नाही. घरात आहे. आईने मसाल्याची एक बरणी फोडलेली नाही, आणि तुझ्या लाडवांबरोबरच्या टाळ्या माझ्याकडे राहिल्या आहेत. स्पर्धेसाठी मुलींच्या संघाची नोंदणी दुपारीच केली. मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि या वेळी हसल्या. मैदान पुसलेलं नाही. आठही चौक तसेच ठेवून घरी आलो आहे.

तुझाच,
बाबा
(सर नाही)